पिलांसाठी उबेची जागा कशी निवडाल?



अंडी उबवणी केंद्रातून एक दिवसाची पिलं आणायची म्हटलं की घरात पहिली चर्चा होते ती पैशांची, दुसरी खाद्याची. जागेचं कुणी बोलत नाही. 'ठेवू कुठंतरी, कणगीशेजारच्या खोलीत,' असं म्हणून विषय संपतो. मग पिलांची पेटी दारात आल्यावर धावपळ सुरू होते. पहिल्या दहा-बारा दिवसांत जी मर होते, ती पुष्कळदा रोगामुळे नसते. ती जागेच्या चुकीमुळे असते.

खुडुक कोंबडी पिलांना पंखाखाली घेते. तिच्या अंगाची ऊब मिळते, वारा लागत नाही, आणि तिची जागा ती स्वतःच हुडकून काढते. आणलेल्या पिलांना आई नाही. पहिल्या आठवड्यात त्यांना स्वतःच्या अंगातली ऊब राखता येत नाही. म्हणून आईचं काम आपण दिव्यावर आणि जागेवर सोपवतो. या कृत्रिम दाईला ब्रूडर म्हणतात. ब्रूडर घरी बनवता येतो. जागा मात्र आधी निवडावी लागते.

आता १०० पिलांचाच हिशेब धरू, कारण बहुतेकजण तेवढ्यापासूनच सुरुवात करतात. चार आठवड्यांपर्यंत एका पिलाला अर्धा चौरस फूट जमीन लागते. म्हणजे १०० पिलांना ५० चौरस फूट, साधारण ५ फूट रुंद आणि १० फूट लांब जागा झाली. पण पहिल्याच दिवशी एवढी मोकळी जागा देऊ नका. पिलं उबेपासून लांब भटकतात आणि परत यायची वाट विसरतात. सुरुवातीला ६ फूट व्यासाचं गोल कुंपण करा. त्यासाठी दीड फूट उंचीचा आणि २० फूट लांबीचा पत्रा, जाड पुठ्ठा किंवा बांबूची चटई पुरते. मधोमध ३ फूट व्यासाचं झाकण टांगा. पत्र्याचं नसेल तर मोठं डालगं उपडं करूनही भागतं, फक्त दिव्याची आच त्याला लागता कामा नये. दर दोन दिवसांनी कुंपण थोडं सरकवून वाढवा आणि आठ-दहा दिवसांनी काढून टाका.

कुंपण गोलच का? चौकोनी जागेला कोपरे असतात. थंडी वाजली किंवा रात्री मांजर ओरडलं, की सगळी पिलं एका कोपऱ्यात घुसतात आणि एकावर एक चढतात. खालची गुदमरतात. एका शेतकऱ्यानं आम्हाला सांगितलं होतं, की रात्री वीज गेली आणि सकाळी धान्याच्या खोलीत कोपऱ्यात पिलांचा ढीगच सापडला. वरची जिवंत होती, खालची सपाट झाली होती. तो म्हणाला, रोग असता तर डॉक्टरांना विचारलं असतं, आता कुणाला विचारू? नंतर त्यानं चारही कोपऱ्यांत पुठ्ठे वाकवून लावले. खोलीच कुंपण म्हणून वापरायची असेल तर तेवढं तरी कराच.

बरं, खोली कोणती घ्यावी? मोठ्या कोंबड्यांच्या खुराड्याला लागून असलेली नको. मोठी कोंबडी धडधाकट दिसली तरी तिच्या विष्ठेतून रक्ती हगवणीसारखे रोग पिलांकडे येतात. आधी पिलांचं काम उरकावं, मग मोठ्यांकडे जावं. उलट जायचंच झालं तर पायातली चप्पल बदलावी. औषधफवारणीचे डबे, पावडर लावलेलं बियाणं किंवा खताची पोती जिथे ठेवता ती खोलीही नको. ते डबे हलवले तरी वास आणि धूळ मागे राहते. गोठ्यातली ओलसर जागा नको. जमीन आजूबाजूपेक्षा थोडी उंच हवी, पावसाचं पाणी झिरपून येणारी नको. शेणानं सारवलंत तर तीन-चार दिवस खडखडीत वाळू द्या.

उंदराचं एखादं बीळ दिसलं तर ते काचेचे तुकडे आणि सिमेंट घालून बुजवा. उंदीर रात्रीत पिलं ओढून नेतो आणि सकाळी आपण शेजारच्या मांजराला शिव्या घालतो! खिडकीला अर्ध्या इंचाची जाळी हवी. मुंगूस आणि साप दोघांनाही ती अडवते.

वाऱ्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच सगळ्यांची गफलत होते. पिलांना गार वाऱ्याचा झोत नको, पण हवा हवीच. निफाडकडची जानेवारीतली थंडी असेल तर लोक खोलीची एकूण एक फट गोणपाटानं बंद करतात, आणि आत कोळशाची शेगडी ठेवतात. हे फार धोक्याचं आहे. शेगडीतून निघणारा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. पिलं तर मरतातच, पण राखणीला आत झोपलेला माणूसही सकाळी उठत नाही. म्हणून बंद खोलीत शेगडी घेऊन कुणीही झोपू नये. वाऱ्याच्या बाजूचा पडदा खालून पक्का बांधा आणि वर छताजवळ वीतभर जागा मोकळी सोडा. झोत पिलांच्या डोक्यावरून जाईल आणि कोंदट हवा वरून निघून जाईल. हवा चांगली आहे की नाही हे उभ्यानं कळत नाही. पिलांजवळ उकिडवं बसा. डोळे चुरचुरले तर समजा की पिलांचेही चुरचुरत आहेत.

कोकणात श्रावणात प्रश्न वेगळा असतो. तिथे थंडी कमी, ओल जास्त. भाताचं तूस भरपूर मिळतं, तेव्हा दोन इंचांची गादी घाला आणि रोज हलवा. पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला भाग लगेच काढून टाका. देशावर भुईमुगाची टरफलं वापरतात. ती बुरशी लागलेली नाहीत ना, हे बघूनच घ्या, कारण बुरशीनं पिलांची फुप्फुसं बिघडतात. बारीक भुसा नको, पिलं तो दाणा समजून खातात. पहिले तीन दिवस गादीवर कागद अंथरून त्यावर मक्याचा भरडा टाका. कागद खरबरीत असावा, गुळगुळीत कागदावर पाय फाकतात. विदर्भात एप्रिल-मेमध्ये दिवसा दिवा लागतच नाही, उलट छतावर पाचट टाकावं लागतं. पहाटे मात्र दिवा लावून बघा.

पहिल्या आठवड्यात झाकणाच्या कडेशी, गादीपासून दोन इंच उंचीवर ९५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३५ अंश सेल्सिअस उष्णता हवी. पुढे दर आठवड्याला ५ अंश फॅरनहाइटनं उतरवत न्यावी. थंडीत एका पिलामागे २ वॅट धरा. १०० पिलांना ६० वॅटचे चार दिवे लावले, तर एखादा उडाला तरी बाकीचे रात्र निभावतात. दिवे तारेचे, जुने पिवळेच घ्यावेत. हल्लीचे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब देत नाहीत. 'दिवा तर चालू होता, पिलं कशी गारठली?' असं विचारणाऱ्यांच्या घरी हेच झालेलं असतं. दिवा गादीपासून दीड फुटावर असावा आणि साखळीनं टांगावा. नुसत्या वायरवर लोंबकळला आणि तुसात पडला तर आग लागते. वीज जाणारच, हे धरून चाला. शेगडी आणि कोळसा हाताशी ठेवा, पण वर सांगितलेली खबरदारी विसरू नका.

तापमापक नसला तरी पिलं सांगतात. दिव्याखाली गोळा होऊन किंचाळत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे, दिवा खाली घ्या. कुंपणाला चिकटून चोची उघड्या ठेवून धापा टाकत असतील तर उष्णता जास्त आहे. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूनं वारा येतो आहे, ती फट शोधा. चहूकडे पसरून काही खात, काही पाय पसरून झोपलेली दिसली, तर जागा बरोबर आहे. ही पाहणी दिवसा नव्हे, रात्री दहाला आणि पहाटे चारला करा.

पिलं येण्याच्या आदल्या दिवशीच दिवे लावून ठेवावेत, म्हणजे हवाच नव्हे तर जमीनही तापते. दोन-दोन लिटरची दोन पाण्याची भांडी आधी भरून ठेवा, गूळ घातलेलं पाणी असेल तर उत्तम. पेटी उघडल्यावर प्रत्येक पिलाची चोच एकदा पाण्यात बुडवा, मगच दाणा दाखवा. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लस डोळ्यात टाकून घ्या. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्यासाठी आधीच विचारून ठेवावं.

खोलीतली मागची पिलावळ हलवून झाली असेल तर गादी बाहेर काढून लांब उकिरड्यात टाका. खोली धुवा, भिंतींना चुना द्या आणि दोन आठवडे रिकामी ठेवा. नवी पिलं त्यानंतरच मागवा.