घरचा फोटो आणि मायलेकी



मला या व्यासपीठावर बोलावले तेव्हा मी कामगार चळवळीवर बोलेन, अशीच चालकांची समजूत होती. जन्म खामगावच्या जिनांच्या भोंग्याखाली गेला, तीस वर्षे हमालांत, गाठी बांधणाऱ्यांत आणि जिनात कापूस टाकणाऱ्या बायांत काम केले. अशा माणसाने दुसरे काय बोलावे? मी विषय कळविला तेव्हा एका स्नेह्यांनी विचारले, "का हो, युनियन सोडली की काय?" सोडलेली नाही. घरच्या समारंभातला फोटो हाही कामाचाच विषय आहे. राबते कोण आणि फोटोत दिसते कोण, हे पाहू लागलो की माझ्यासारख्याला तो परका वाटत नाही.

माझी आई १९९१ साली गेली. तेराव्याला ठेवायला तिचा फोटो हवा म्हणून पेटी उपसली. वडिलांचे तीन फोटो निघाले: एक जिनाच्या ओळखपत्रावरचा, एक मोर्चातला, एक पंढरपुरातला. आईचा एकटीचा एकही नव्हता. चुलत बहिणीच्या लग्नातल्या एका समूहचित्रात ती सापडली. मांडवाच्या खांबाला अर्धी झाकलेली, डोक्यावर पदर, हातात परात, आणि चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. तो दाणा घेऊन मी स्टुडिओत गेलो. त्यांनी तो मोठा केला आणि जे दिसेना ते कुंचल्याने भरून काढले. कपाळी ठसठशीत कुंकू आले, अंगावर जरीकाठी लुगडे आले. आईने जन्मात जर नेसली नव्हती. माझी थोरली बहीण, जिला आम्ही आक्का म्हणतो, त्या फोटोपुढे बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, हे डोये मायचे नाहीत."

स्टुडिओवाल्याला मी दोष देत नाही. दाणा मोठा केला म्हणून त्यात नसलेले डोळे येत नाहीत. काळ्यापांढऱ्या फोटोत जे काळे दिसते ती खरी चांदी असते. कागदावरच्या सरसासारख्या थरात चांदीचे क्षार असतात, प्रकाश लागलेल्या जागी रसायनाने त्यांची धातूरूप कणी बनते, आणि उरलेले क्षार धुऊन टाकतात. (खामगावकरांना चांदीची पारख मी सांगायला नको!) निगेटिव्हवर एका चेहऱ्याच्या वाट्याला मोजक्याच कणी आल्या असतील, तर मोठे केल्यावर तितक्याच कणी विरळ पसरतात. चेहऱ्याला जागा मिळायची ती फोटो काढतानाच. मागाहून ती देता येत नाही.

ती का मिळाली नाही? एक कारण पैशाचे. माझ्या लहानपणी नातेवाइकांत एकाकडे बडोद्याला तयार होणारा आग्फा क्लिक थ्री होता. एका रिळात बारा फोटो. लग्न दोन दिवसांचे, माणसे तीनशे आणि फोटो बारा! नवरानवरी, वरबाप, मामा, गावचे पाटील, ज्यांच्याकडून उसने आणले ते सावकार, इथपर्यंत येता येता रीळ संपे. दुसरे कारण वेळेचे. फोटो काढायचा तो जेवणाआधी, उन्हात, अंगणात. आणि आई त्या वेळी चुलीपाशी. हे तिला कोणी मुद्दाम वगळणे नव्हते. कामाची विभागणीच अशी होती की वगळायची गरज पडत नसे.

हीच गोष्ट मोठ्या जागी कशी घडली ते पाहा. दादासाहेब फाळके यांचे नाव ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. चित्रपटाच्या आधी ते छायाचित्रकार होते, गोध्र्याला त्यांचा स्टुडिओ होता. ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यामागे सरस्वतीबाई फाळके यांचे हात किती होते? कच्च्या फिल्मच्या कडांना तेव्हा छिद्रे नसत. ती अंधारात बसून पाडावी लागत, ती त्या पाडीत. रसायने कालवून फिल्म धुणे त्यांच्याकडे. चित्रीकरणाच्या वेळी पांढरी चादर धरून ऊन नटांच्या तोंडावर वळविणे त्यांच्याकडे. आणि साठसत्तर माणसांचा स्वयंपाक, तोही त्यांच्याकडेच. अंगावरचे दागिने आधीच गहाण पडलेले. आमच्या भाषेत याला तीन पाळ्यांचे काम म्हणतात; हजेरीपटावर मात्र नाव नाही. २००९ साली आलेल्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या चित्रपटाने सरस्वतीबाईंना पुष्कळांच्या डोळ्यांपुढे आणले, हे चांगले झाले.

त्यांची मुलगी मंदाकिनी १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये श्रीकृष्ण झाली. आई कॅमेऱ्याच्या मागल्या अंगाला, लेक पुढल्या अंगाला. आणि मायलेकी दोघीही कॅमेऱ्यापुढे, असेही फाळक्यांच्याच घरी घडले. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी तारामतीसाठी बाई मिळेना म्हणून अण्णा साळुंके या पुरुषाला लुगडे नेसविले होते. लगेच पुढच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लेक कमलाबाई मोहिनी झाली. याच कमलाबाई पुढे कमलाबाई गोखले म्हणून रंगभूमीवर गाजल्या. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव आणि विक्रम गोखले नातू. त्या काळी स्त्रीने कॅमेऱ्यापुढे उभे राहणे म्हणजे लोकनिंदा ओढवून घेणे. एकटीला ते जड गेले असते. आई बरोबर होती, हे त्यातले खरे बळ, असे मला वाटते.

सभ्य घरच्या स्त्रीने परपुरुषापुढे फोटोला बसू नये, ही समजूत केवळ आपल्याकडची नव्हे. १८९२ साली हैदराबादला लाला दीनदयाळ यांनी पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ उघडला आणि तो चालवायला इंग्रज बाई नेमली. आपले वऱ्हाड तेव्हा कारभाराने इंग्रजांचे आणि नावाने निजामाचे. पण निजामाच्या राजधानीतली ही सोय बुलढाण्याच्या खेड्यातल्या बाईपर्यंत यायची नव्हती. तिच्याकडे कॅमेरा आला तो लेकीच्या हातून, आणि त्याला पुढे शंभरावर वर्षे लागली.

ही लेक माझ्या घरातली आहे. आक्काची मुलगी, माझी भाची, परगावी नोकरी करते. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा-कनिष्ठेचे मुखवटे, सोळा भाज्या, आंबील, पन्नास पाने. काही वर्षांपूर्वी भाचीने पहिल्या पगारातून कॅमेरा घेतला आणि महालक्ष्म्यांच्या दिवशी तो घेऊन थेट स्वयंपाकघरात शिरली. आक्का पुरण वाटीत होती. "निघ बाहेर," आक्का म्हणाली, "मले नाही काढायचा फोटो. असा कुठे अवतारात काढतात?"

"अवतारातच काढते मी," भाची म्हणाली. "आजीचा नाही काढला कोणी, तर काय झालं ते पाह्यलं न?"

त्यावर आक्का काही बोलली नाही. पदर मात्र सारखा केला.

तेव्हापासून या मायलेकींत एक वाटणी ठरली आहे. भाची फोटो काढते, कारण यंत्र तिला कळते. ऊन पाठीशी घ्यावे, खिडकीचा उजेड चेहऱ्याच्या एका अंगाने येऊ द्यावा, "हसा" म्हणण्यापेक्षा हसण्याची वाट पाहावी, हे सारे ती जाणते. आक्का माणसे जाणते. मांडवात रुसून कोण बसले आहे, कोणती दोन घरे बारा वर्षांनी एका पंगतीला बसली आहेत, कोणाची आत्या पुढल्या दिवाळीपर्यंत टिकेल असे वाटत नाही, हे तिला ठाऊक. ती नुसती भुवईने दाखविते आणि भाची तिकडे वळते. एकीला दिसते, दुसरी टिपते. नुसते यंत्र जाणणाऱ्याने काढलेले लग्नाचे अल्बम आपण पाहतोच: चारशे फोटो, आणि त्यांत नवरीच्या आईच्या डोळ्यांतले पाणी एकाही फोटोत नाही.

दिवाळीला भाची निवडक वीसएक फोटो कागदावर छापून आणते. भाऊबीज आटोपली की दोघी ओसरीवर बसतात. आक्का नावे सांगते, भाची पाठीमागे मऊ शिसपेन्सिलीने लिहिते. बॉलपेनने लिहू नये. वळ पुढून उमटतो आणि शाई पाझरते. पहिल्या वर्षी आक्का सांगू लागली, "हे रामभाऊ, ही त्यांची मंडळी, ही धाकटी सून." भाचीने पेन्सिल खाली ठेवली. "मंडळीचं नाव काय?" आक्काला आठवेना! पस्तीस वर्षांची ओळख, एकमेकींच्या बाळंतपणाला गेलेल्या, आणि नाव ठाऊक नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदारयादीतून गाळावी लागली, कारण त्यांनी अमक्याची बायको, तमक्याची आई याखेरीज स्वतःचे नाव सांगितले नव्हते. आमच्या ओसरीवर त्या यादीचे एक पान उरले होते म्हणायचे.

त्या दोघींत भांडणही झाले आहे. घरातली एक सून सोडचिठ्ठी घेऊन गेली. आक्काचे म्हणणे, तिचा चेहरा कात्रीने कापून टाकावा. पाहुण्यांना काय सांगायचे? भाची म्हणे, "त्या दिवशी ती होती. आंबील तिनंच केली होती." दोन दिवस बोलणे बंद. शेवटी मध्यस्थीला मला बोलावले. मालक-मजुरांच्या तडजोडी करणारा माणूस घरात फुकट मिळतो! ठरले असे की फोटो कापायचा नाही, अल्बममध्ये लावायचा नाही, पाठीमागे नाव लिहून लिफाफ्यात ठेवायचा. तडजोड म्हणून ती बरी. पण माझे मत भाचीच्या बाजूचे आहे, हे मी आक्कालाही सांगितले आहे.

कागदावर छापण्याचा आग्रह कशासाठी, असे तरुण मंडळी विचारतील. मोबाइलमध्ये हजारो फोटो असतात आणि मोबाइल पाण्याच्या टाकीत पडतो. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो बहुधा दाबून लहान केलेला असतो, म्हणजे पुन्हा ज्वारीचा दाणा. मूळ फोटो दोन निरनिराळ्या जागी साठवावा आणि नेमके थोडे छापावेत. जुन्या फोटोंचीही एक गोष्ट ध्यानात ठेवा. रंगीत फोटोत शेवटी चांदी उरत नाही, तीन रंगांची रंगद्रव्ये उरतात, आणि ती सारख्या गतीने विटत नाहीत. म्हणून १९७०-८० च्या सुमाराचे लग्नाचे रंगीत फोटो आज तांबडे पडलेले दिसतात, आणि त्याआधीचे आजोबांचे काळेपांढरे मात्र शाबूत असतात. चिकट पानांचे अल्बम तर शत्रूच समजा. भिंतीवरचा फोटो उन्हाच्या तिरपेत टांगू नका.

आता माझ्या कामातली एक हकीकत. निर्वाहनिधीची पेन्शन मागताना १०-डी नावाचा अर्ज भरतात, त्याला नवराबायकोचा जोडफोटो लागतो. आमचा एक हमाल अठ्ठावन्न वर्षांचा झाला. त्याला म्हटले, जोडफोटो आण. त्याने दुसऱ्या दिवशी स्वतःचा एकट्याचा आणला. चौकशी केली तेव्हा कळले, छत्तीस वर्षांच्या संसारात दोघांचा एकत्र फोटोच नाही. लग्नात फोटोवाला परवडला नव्हता. मी दोघांना घेऊन गेलो. बाई हातभर अंतर ठेवून उभी. फोटोवाला म्हणे, "काकू, सरका जवळ, चौकटीत मावत नाही." ती दोन बोटे सरकली. मग तो हमाल, क्विंटलाचे पोते पाठीवर घेणारा माणूस, लाजत लाजत स्वतःच तिच्याकडे सरकला. तीन प्रती अर्जाला लागल्या. बाई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "भाऊ, एक मले पाहिजे." मी विचारले, "कशाला?" म्हणाली, "पोरीले दाखवीन."

वऱ्हाडात एक समारंभ मात्र असा आहे, जिथे पुरुष रांधतात. शेतात रोडग्यांचे जेवण असते तेव्हा कणीक मळणे, गोवऱ्यांचा जाळ, वांग्याची भाजी, सारे गडीमाणसे पाहतात आणि बायका आंब्याच्या सावलीत बसतात. भाचीच्या हे बरोबर ध्यानात आले. गेल्या माघात आमच्याकडे रोडगे होते. आक्का झाडाखाली निवांत बसली होती, हात रिकामे, तोंडात सुपारी. भाचीने मोबाइल माझ्या हाती दिला आणि आईजवळ जाऊन बसली. "मामा, आमचा दोघींचा काढा." मी म्हटले, "पोरी, मला निवेदन लिहिता येते, हे येत नाही." तरी काढला. आंब्याचा बुंधा वाकडा आला, भाचीचा खांदा कापला गेला, खालच्या कोपऱ्यात माझे बोट आले. आक्काचे डोळे मात्र नीट आले आहेत. दिवाळीला तो फोटो छापून आला, तेव्हा आक्काने दोघींची नावे सांगितली, आणि मग म्हणाली, "खाली हेही लिहि, कोणी काढला ते."