पिशवी आत घेण्याचं ऑपरेशन

गुदाशयाच्या कॅन्सरचं मोठं ऑपरेशन झालं, केमो संपली, तोंडाला जरा चव यायला लागली, आणि सर्जन म्हणतात, ‘आता पिशवी आत घेऊ.’ घरच्यांचा प्रश्न ठरलेला: परत चिरफाड? खरं तर हे दुसरं ऑपरेशन पहिल्याच दिवशी ठरलेलं असतं. पण तेव्हा एवढं काही कानावर पडत असतं की ही गोष्ट डोक्यात राहत नाही.

कॅन्सरचा भाग काढल्यावर आतड्याची दोन टोकं एकमेकांना जोडतात. हा जोड गुदद्वाराच्या अगदी जवळ असेल, शिवाय त्या जागेला आधी रेडिएशनचा शेक मिळालेला असेल, तर तो गळण्याची भीती जास्त. तो गळलाच तर मळ पोटात पसरू नये म्हणून लहान आतड्याचा एक वेढा पोटाच्या उजव्या बाजूने बाहेर काढतात आणि त्यावर पिशवी लावतात. ही इलिऑस्टॉमी. जोड भरून आला की तिचं काम संपलं.

मग ती लगेच का काढत नाहीत? नुसता जोड भरायला साधारण दोन-तीन महिने पुरतात. पण ऑपरेशननंतर केमो द्यायची असेल तर बहुतेक वेळा ती आधी पुरी करतात, कारण मध्येच काही गुंतागुंत झाली तर केमो लांबते. शेवटच्या डोसानंतरही काही आठवडे थांबावं लागतं. पांढऱ्या पेशी कमी असतील तर जखमेत पू होण्याचा धोका, प्लेटलेट्स कमी असतील तर रक्तस्रावाचा. बेव्हॅसिझुमॅबसारखं औषध चालू असेल तर जखम भरायला अडथळा येतो, म्हणून ते बरेच आठवडे आधी बंद करतात. त्यामुळे तारीख कॅलेंडर पाहून ठरत नाही, रिपोर्ट पाहून ठरते. ‘पेशी कमी आल्या, पुढच्या आठवड्यात या’ हे ऐकून हिरमोड होतो, पण त्यात नवा आजार काही नसतो.

रक्ताइतकीच महत्त्वाची तपासणी जोडाची. डॉक्टर बोटाने तपासतात, कधी दुर्बीण घालतात. बहुतेक ठिकाणी गुदद्वारातून बारीक नळीने डाय सोडून एक्स-रे काढतात. डाय आतड्याच्या रेषेबाहेर झिरपताना दिसला तर ऑपरेशन पुढे. कॅन्सर परतलेला नाही ना, हे पाहायला सीटी स्कॅन आणि रक्तातलं सीईए बघतात. ह्या टप्प्यावर काहींना कळतं की पिशवी आता कायमचीच राहणार. ही शक्यता पहिल्या ऑपरेशनच्या आधीच मोकळेपणाने सांगायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

थांबण्याच्या काळात शरीर टिकवायचं ते मुख्यतः पाणी आणि मिठाच्या बाबतीत. लहान आतड्याची पिशवी पातळ वाहते आणि मीठ बाहेर नेते. ती फार भरायला लागली की माणूस तांब्यावर तांब्या साधं पाणी पितो, आणि पिशवी आणखीच वाहते. तिथे ओआरएस लागतं. लघवी गडद आणि कमी, पायात गोळे, उठताना चक्कर: असं झालं तर त्याच दिवशी फोन करावा, कारण घाव किडनीवर बसतो. तंबाखू, मिश्री, विडी बंद. सरकारी योजनेतून उपचार चालू असतील तर पहिल्या वेळची मंजुरी या दुसऱ्या ऑपरेशनलाही चालेल असं धरून चालू नये. हॉस्पिटलमधल्या योजनेच्या माणसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, आधीच विचारावं.

प्रत्यक्ष ऑपरेशन सहसा छोटं. पिशवीभोवतीची कातडी कापून आतड्याचा वेढा सुटा करतात, दोन्ही तोंडं स्टेपलरने किंवा टाक्यांनी जोडतात आणि आतडं पोटात सोडतात. बऱ्याचदा वरची कातडी पुरती शिवत नाहीत. बटव्याचं तोंड आवळावं तशी आवळून मधे लहान भोक ठेवतात. घरी आल्यावर ते बघून बायकामुलं हबकतात. पण ते मुद्दाम ठेवलेलं असतं, आतली घाण बाहेर पडावी म्हणून. ड्रेसिंग करत राहिलं की काही आठवड्यांत भरतं.

वॉर्डात राउंडला एकच चौकशी: वारा सरला का? आतडं कधी कधी काही दिवस रुसून बसतं, पोट फुगतं, उलट्या होतात, नाकातून नळी घालावी लागते. बहुतेकांचं ते आपोआप सुरू होतं. ताप, वाढत जाणारी पोटदुखी किंवा जोराची धडधड मात्र लपवू नये.

खरी परीक्षा घरी. मळ साठवणारा गुदाशय आता नाही. त्याच्या जागी खाली ओढलेलं मोठं आतडं आहे, आणि त्याला थांबायची सवय नाही. संडासहून उठावं, हात धुवावेत, आणि पुन्हा पळावं, असं तासाभरात चार-पाच वेळा. सुरुवातीला दिवसाला दहा-पंधरा वेळाही. लोक घाबरून जेवण तोडतात. त्याऐवजी मऊ भात, केळं, थोडंथोडं वेळेवर खावं, तिखट काही दिवस बाजूला. इसबगोल कमी पाण्यातून घेतलं तर मळ जरा घट्ट होतो. बाहेर पडताना लोपेरामाइड घ्यावी का, किती, हे डॉक्टरांना विचारून ठरवावं. झिंक ऑक्साइडचं मलम कातडी सोलवटल्यावर नाही, पहिल्या दिवसापासून लावावं. गुदद्वार आवळून सोडायचा व्यायाम ऑपरेशनच्या आधीच शिकून घेतला तर उत्तम.

सहा महिने ते वर्षभरात बऱ्याच जणांची घडी बसते, तरी जुन्यासारखी क्वचितच. नाहीच बसली तर गुदद्वारातून ठरावीक वेळी पाणी सोडून आतडं रिकामं करायची पद्धत शिकवतात. तेवढ्यानेही भागत नसेल तर काही जण विचारपूर्वक पुन्हा पिशवी मागून घेतात. ती बहुधा मोठ्या आतड्याची, डाव्या बाजूची असते. मळ घट्टसर येत असल्यामुळे पहिलीपेक्षा सांभाळायला बरीच सोपी जाते.