ऑनलाइन जाहिरातीच्या धंद्यात गिऱ्हाईक पारखून घ्या

खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर अशा आमच्या जिल्ह्यातील गावांत आता ऑनलाइन जाहिरातीचे काम करणारी मुले दिसू लागली आहेत. दुकानाच्या मालाचे फोटो काढायचे, फेसबुक-इन्स्टाग्रामवर टाकायचे, व्हॉट्सअॅपवर आलेली विचारपूस मालकाला पोचवायची आणि महिन्याचा मेहनताना घ्यायचा. भांडवल थोडे लागते. म्हणून जो दुकानदार हो म्हणेल त्याचे काम ही मुले घेतात आणि तिथेच अडकतात.

आम्ही कापडाचे व्यापारी. आमच्या दृष्टीने ही एक प्रकारची अडतच आहे. खामगावला १८७० साली जलंबहून रेल्वे आली ती कापसासाठी. त्या बाजाराने पुष्कळ अडते पाहिले. अडत्या दुसऱ्याचा माल विकतो, पण माल खोटा निघाला की नाव त्याचेही जाते. म्हणून तो गाडीतला वरचा कापूस पाहून बोलत नाही, कोपरापर्यंत हात घालून खालचा काढतो.

या मुलांनीही काम घेण्याआधी दुकानात दोन तास बसावे. परत आलेल्या कपड्याचे मालक काय करतो ते बघावे. सुती म्हणून दाखवलेल्या ठाणाचा एक धागा जाळून पाहावा. सुताची कागदासारखी राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी बनतो. मालक सांगेल ते लिहिले, असे म्हणून सुटका होत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि जाहिरात प्रसिद्ध करण्यात सामील असणाऱ्यालाही तो होऊ शकतो.

आता पैशाचे. आपल्याकडे सोयाबीन-कापूस विकला की गल्ल्यात पैसा येतो, पावसाळ्यात दुकाने रिकामी. सुरतेचा माल उधारीवर उचलणारा दुकानदार या मुलांनाही तसेच थांबवतो. पण फेसबुकवाले कोणासाठी थांबत नाहीत! आमच्या ओळखीच्या एका मुलाने रमजानच्या हंगामात जाहिरातीचे पैसे स्वतःच्या खिशातून भरले. ईदनंतर मालक म्हणाला, तुझ्यामुळे किती गिऱ्हाईक आले ते आधी दाखव. हिशेब आजही तसाच पडून आहे.

उद्यम नोंदणी फुकट होते, ती करावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे थांबवता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवस. त्यानंतर व्याज लागते. मात्र मोहल्ल्यातल्या दुकानदाराकडून व्याज कोण मागणार? तेव्हा जाहिरातीचा खर्च आधी घ्यावा आणि मेहनतानाही निम्मा आगाऊ. भावासाठी तासभर घासाघीस करून तारखेला पैसे देणारा मालक आम्हाला बरा वाटतो. ‘तू कर, नंतर बघू’ म्हणणाऱ्याला सलाम करून पुढे जावे.

एकाच गल्लीतल्या दोन साडीवाल्यांचे काम घेऊ नये. ईदचा सेल आधी कोणाचा टाकला यावरून दोघेही तोडतील.

कारागिराचे काम घेताना त्याचे हात मोजावेत. आठवड्याला दहा शेरवान्या शिवणाऱ्या दर्ज्याकडे जाहिरातीने पन्नास गिऱ्हाईके आणली तर शिव्या दोघांनाही बसतात. अशा दर्ज्याची जाहिरात शाबानमध्येच सुरू करावी आणि दहा नोंदी भरल्या की त्या आठवड्यापुरती थांबवावी.