रामकुंडावरची वही

गेल्या उन्हाळ्यात अमेरिकेहून आमच्या दादांच्या नातीचे पत्र आले. तिच्या वर्गातली एक मुलगी म्हणे १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून आलेल्या १०२ उतारूंपैकी एकाची वंशज! तशा वंशजांची तिकडे १८९७ पासून संस्थाच आहे. “आपल्या घरातले अमेरिकेत आलेले पहिले आजोबा. पण त्यांच्या आधीचे कोण?” असा पोरीचा सवाल.

दादा १९६८ साली गेले. १९६५ च्या नव्या कायद्याने शिकल्यासवरल्या हिंदी तरुणांना तिकडची दारे उघडली होती. वडिलांनी मात्र धड निरोपही दिला नाही. “आपण पिढीजात नांदगावकर. घर सोडणारा हा पहिलाच!” हे त्यांचे पालुपद जन्मभर टिकले.

मी उठलो आणि मनमाडवरून नाशिक गाठले. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात, हे आपणांस ठाऊक असेलच. अस्थी घेऊन किंवा सिंहस्थाला आलेला माणूस आपले नाव, गाव, भाऊ, मुलगे लिहून खाली सही करतो. पुढच्या पिढ्यांना तोच पुरावा. गुरुजींनी आडनाव, गाव, आजोबांचे नाव विचारले आणि एक जुनी वही काढली.

खापरपणजोबांचा लेख मोडीत होता. गुरुजींनी वाचून दाखवला. शके १७९३, म्हणजे इसवी सन १८७१. “राहणार राजापूर, हल्ली नांदगाव. नोकरी आगगाडीकडे.”

मी चमकलोच. पिढीजात नांदगावकर कसले! १८५३ साली मुंबईहून ठाण्याला गाडी धावली, पुढे रूळ खानदेशाकडे सरकले आणि त्या रुळांमागोमाग हा कोकणातला गृहस्थ पोटासाठी इकडे आला. घर सोडणारे पहिले तेच!

गुरुजींनी पुढची पाने उलटली. १९८६, वडिलांच्या अस्थी. त्या वेळी मी आईजवळ घरी थांबलो होतो; लेख दादांनीच केला होता. अठरा वर्षे परदेशी काढलेल्या माणसाने ठसठशीत अक्षरांत लिहिले होते, “राहणार नांदगाव, हल्ली अमेरिका.”

गुरुजींसमोरच मला डोळे पुसावे लागले.

नातीला दोन्ही लेखांची नक्कल पाठवली आहे. या दिवाळीला ती येणार आहे. वहीत तिचेही नाव चढवायचे आहे. ‘राहणार’ कुठले आणि ‘हल्ली’ कुठले, ते मात्र तिचे तिने ठरवावे.