इंग्रजी संभाषण : श्रवण आणि अर्थग्रहण

भाषाशिक्षणाची श्रवण, भाषण, वाचन व लेखन ही चार अंगे सर्व शिक्षकबंधुभगिनींस परिचित आहेत. या क्रमात श्रवणाचे स्थान पहिले आहे. परंतु इंग्रजीच्या तासाला मात्र ते बहुधा शेवटचे असते. धडा वाचला जातो, कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहिले जातात, प्रश्नोत्तरे वहीत उतरतात. परंतु मुलांनी पुस्तक मिटून केवळ ऐकावे आणि ऐकलेल्याचा अर्थ लावावा, यासाठी राखून ठेवलेला वेळ क्वचितच आढळतो.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकविली जाते. त्यापूर्वी मराठी शाळांत ती पाचवीपासून सुरू होत असे. म्हणजे मुलाच्या पदरी चार वर्षे अधिक पडली. ही वर्षे केवळ शब्दार्थांच्या पाठांतरात गेली, तर त्यांचा लाभ थोडाच. पुस्तकातील इंग्रजी बऱ्यापैकी वाचणारा मुलगा पुढे शिक्षणासाठी वा नोकरीसाठी शहरात जातो आणि तेथे समोरच्याचे साधे बोलणेही त्याला उमगत नाही. 'आपल्याला इंग्रजी येतच नाही' असा ग्रह करून घेऊन तो मौन धरतो. वस्तुतः त्याचे शब्दज्ञान कमी नसते. त्याचा कान तयार झालेला नसतो. ही उणीव प्राथमिक शाळेतच भरून काढता येण्याजोगी आहे.

१. ही शक्ती मुलाजवळ आहेच

शब्दांमागील अर्थ ओळखण्याची कला मुलास नव्याने शिकवावी लागत नाही. मातृभाषेत ती त्याला शाळेत येण्यापूर्वीच अवगत झालेली असते. घरी आलेला पाहुणा 'येतो' म्हणाला, की तो निघाला आहे, हे चार वर्षांच्या मुलालाही कळते. दुकान 'वाढविले' म्हणजे बंद केले, नारळ 'वाढविला' म्हणजे फोडला, यांत त्याला काहीच नवल वाटत नाही. पंगतीत 'नको, नको' म्हणणाऱ्या पाहुण्यास खरोखर नको आहे की थोडे वाढलेले चालेल, हे वाढणारी गृहिणी त्याच्या सुरावरून व पानावर आडव्या धरलेल्या हातावरून जाणते. वडील 'बघू' म्हणाले, म्हणजे जत्रेतील खेळणे बहुधा मिळणार नाही, हेही मूल ओळखते. 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण तर याच अनुभवावर आधारलेली आहे.

आपल्या साहित्यशास्त्राने या गोष्टीचा फार पूर्वी विचार केला आहे. शब्दाच्या सरळ अर्थापलीकडे सूचित होणाऱ्या अर्थास नवव्या शतकातील काश्मिरी पंडित आनंदवर्धन याने 'ध्वनी' ही संज्ञा देऊन त्याची सविस्तर मीमांसा केली. 'सूर्य मावळला' हे वाक्य या शास्त्रातील नेहमीचे उदाहरण होय. तेच वाक्य गुराख्याला गुरे परत आणावयास सांगते, मजुराला काम थांबविण्यास सुचविते आणि भाविकाला सायंसंध्येची आठवण देते. शब्द तेच, परंतु बोलणारा, ऐकणारा व प्रसंग बदलताच अर्थ बदलतो.

यास्तव इंग्रजीच्या शिक्षकाचे काम मर्यादित आहे. ही शक्ती इंग्रजीत कोणत्या खुणांच्या आधारे वापरावयाची, तेवढे त्याने मुलास दाखवून द्यावयाचे आहे. त्या खुणांचा आता क्रमाने विचार करू.

२. आघात : कोणता शब्द धरावयाचा

मराठी बोलताना बहुतेक अक्षरे आपण स्पष्टपणे उच्चारतो. इंग्रजीत तसे होत नाही. वाक्यातील महत्त्वाच्या शब्दांवर जोर दिला जातो आणि बाकीचे लहान शब्द झटपट, अर्धवट उच्चारात उरकले जातात. 'आय हॅव बीन वेटिंग फॉर द बस फॉर ॲन अवर' या वाक्यातील शेवटचे तीन शब्द 'फरनावर' अशा एकाच शब्दासारखे कानी पडतात. मूल त्या अनोळखी ध्वनीपाशी अडखळते आणि तोवर पुढचे वाक्य निघून जाते. बोलणे पुस्तकासारखे थांबत नाही, हीच श्रवणातील मुख्य अडचण.

यावर उपाय असा की, प्रत्येक शब्द पकडण्याचा हट्ट सोडून आघात असलेले शब्द धरावयाचे. वरील वाक्यात 'वेटिंग', 'बस' व 'अवर' एवढे तीन शब्द कानी आले, तरी कोणी तासभर बसची वाट पाहत आहे, हे समजण्यास पुरेसे आहे.

आघाताने आणखी एक कार्य साधते. मराठीत एखाद्या शब्दास महत्त्व द्यावयाचे असले, तर आपण त्याला 'च' जोडतो. इंग्रजीत या 'च'चे काम बहुधा आवाजच करतो. 'सीता वॉन्ट्स द रेड पेन' या वाक्यात 'सीता' या शब्दावर जोर दिला, तर सीतेलाच हवे आहे, दुसऱ्या कोणाला नव्हे. 'रेड'वर दिला, तर लालच हवे आहे, निळे नव्हे. 'पेन'वर दिला, तर पेनच हवे आहे, पेन्सिल नव्हे. लिहिलेल्या वाक्यात हा भेद दिसत नाही. तो कानानेच ग्रहण करावा लागतो. 'इंग्रजीतील च ऐका' एवढी सूचना मराठी मुलास पुरेशी होते.

३. होकार आणि नकार

संभाषणात सर्वांत मोठा घोटाळा होतो, तो होकार-नकाराच्या बाबतीत. 'कॅन' आणि 'कान्ट' हे शब्द पाहा. 'आय कॅन कम' हे वाक्य सहज बोलताना 'कॅन' इतका पुसट होतो की, 'आय क्न कम' असे काहीसे ऐकू येते. उलट 'कान्ट' हा नेहमी ठसठशीत उच्चारला जातो. अमेरिकन बोलण्यात तर तो 'कॅन्ट' असा होतो आणि त्यातील शेवटचा 'ट' पुष्कळदा ऐकूही येत नाही. अशा वेळी जोर हीच खरी खूण असते : शब्द पुसट असल्यास होकार, ठसठशीत असल्यास बहुधा नकार.

दुसरा घोटाळा नकारार्थी प्रश्नांचा. 'पुस्तक आणले नाहीस ना?' या प्रश्नास मराठी मूल 'हो' असे उत्तर देते. म्हणजे 'तुमचे म्हणणे खरे, आणले नाही.' आपला 'हो' विचारणाऱ्याच्या म्हणण्यास दुजोरा देतो. इंग्रजीतील 'येस' व 'नो' यांचा संबंध मात्र वस्तुस्थितीशी असतो. 'हॅवन्ट यू ब्रॉट युवर बुक?' यास पुस्तक आणले असेल तर 'येस', आणले नसेल तर 'नो', मग प्रश्न कसाही विचारलेला असो. 

हा भेद किरकोळ नाही. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णास 'यू हॅवन्ट ईटन एनिथिंग सिन्स मॉर्निंग?' असे विचारले जाते, असे समजा. सकाळपासून काही खाल्लेले नाही, या अर्थाने तो 'येस' म्हणाला, तर ऐकणाऱ्याने नेमके काय समजावे? उलट, खाल्लेले असूनही 'तुमचे म्हणणे खरे नाही' अशा अर्थाने तो 'नो' म्हणाला, तर धोका अधिकच. म्हणून अशा प्रश्नास एका शब्दात उत्तर न देता 'नो, आय हॅवन्ट' किंवा 'येस, आय हॅव' असे पुरे उत्तर देण्याची सवय लहानपणीच लावावी.

४. सुराचा अर्थ

एकच शब्द वेगवेगळ्या सुरांत वेगवेगळा अर्थ देतो. 'सॉरी' हा शब्द उतरत्या सुरात आला, तर ती क्षमायाचना. चढत्या सुरात आला, तर 'काय म्हणालात? पुन्हा सांगा' अशी विनंती. दुसऱ्या प्रसंगी 'असू द्या' असे उत्तर देऊन चालणार नाही. वाक्य पुन्हा सांगितले पाहिजे. त्याचप्रमाणे 'इट इज कोल्ड, इझन्ट इट?' यात शेवटचा सूर उतरला, तर बोलणाऱ्यास केवळ आपली संमती हवी आहे. तो चढला, तर त्याला खरोखर शंका आहे. आपल्या 'नाही का' या शब्दांचेही असेच आहे. हे साम्य दाखविले की मुलांस ते चटकन पटते.

५. बोलणाऱ्याचा हेतू

गुरुजी म्हणतात, 'कॅन यू ओपन द विंडो?' मुलगा नम्रपणे 'येस, सर' म्हणतो आणि जागेवरच बसून राहतो. व्याकरणदृष्ट्या त्याचे उत्तर निर्दोष आहे. परंतु खिडकी बंदच राहते. येथे प्रश्नाच्या रूपात विनंती आहे, हे त्याने ओळखले नाही. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत असे प्रतिपादन केले की, बोलणे ही एक कृतीच असते. बोलण्यातून आपण विनंती करतो, वचन देतो, ताकीद देतो. म्हणून 'हा काय म्हणाला?' या प्रश्नाबरोबरच 'हे बोलून त्याने काय केले?' हा प्रश्नही विचारावा लागतो.

याच विचाराची पुढची पायरी एच. पी. ग्राइस यांनी १९६७ सालच्या हार्वर्डमधील व्याख्यानांत मांडली. संभाषण करणारे परस्परांस सहकार्य करीत असतात. बोलणारा पुरेसे, खरे, प्रसंगाला धरून व स्पष्ट बोलत असणार, असे ऐकणारा गृहीत धरतो. 'विल यू प्ले?' या प्रश्नास 'माय मदर इज वेटिंग' असे उत्तर आले, तर त्यात 'हो' किंवा 'नाही' यांपैकी एकही शब्द नाही. तरीही उत्तर प्रश्नाला धरूनच असणार, या विश्वासाने आपण त्याचा 'नाही' असा अर्थ घेतो.

मराठी मुलास विशेष अडचण पडते, ती आदरार्थी बोलण्याची. आपल्याकडे 'तू', 'तुम्ही', 'आपण' या सर्वनामांनी आणि 'बस', 'बसा' या क्रियारूपांनी आदर व्यक्त होतो. इंग्रजीत सर्वांस एकच 'यू'. म्हणून तेथे आदराचा भार 'प्लीज', 'कुड', 'वुड' यांसारख्या शब्दांवर व आडवळणाच्या वाक्यरचनेवर पडतो. 'कुड' म्हणजे 'कॅन'चा भूतकाळ, एवढेच पाठ केलेल्या मुलास 'कुड यू गिव्ह मी युवर पेन?' यात भूतकाळाचा संबंध काय, ते कळत नाही. येथे 'कुड'चा अर्थ 'कृपया' याच्या जवळचा आहे.

याच प्रकारच्या काही नेहमीच्या वाक्यांचा परिचय मुलांस करून द्यावा. 'आय ॲम अफ्रेड ही इज नॉट इन' यात भीती नाही. 'ते येथे नाहीत' हे सौम्यपणे सांगितले आहे. 'वुड यू माइंड वेटिंग?' म्हणजे 'थांबण्यास आपली हरकत आहे काय?' येथे थांबण्यास तयार असणाऱ्याने 'नॉट ॲट ऑल' म्हणावयाचे असते. 'नॉट बॅड' ही पुष्कळदा प्रशंसाच असते. आणि 'यू मे गो नाऊ' यात वरवर परवानगी असली, तरी 'आता निघा' ही सूचनाच प्रायः त्यात असते.

६. वर्गात काय करावे

यासाठी खर्चाच्या साधनांची आवश्यकता नाही. रोज दहा मिनिटे पुढीलप्रमाणे दिल्यास पुरे.

(१) पुस्तके मिटवून शिक्षकाने एक वाक्य सहज गतीने दोनदा म्हणावे. आघाताच्या शब्दांवर मुलांनी बाकावर टिचकी मारावी, नंतर तेवढेच शब्द सांगावेत आणि त्यांवरून अर्थ जुळवावा.

(२) 'कॅन' ऐकू आल्यास उभे राहावे, 'कान्ट' ऐकू आल्यास बसावे. लहान मुले हा खेळ आनंदाने खेळतात.

(३) 'येस', 'सॉरी', 'रिअली' यांपैकी एक शब्द निरनिराळ्या सुरांत म्हणावा. बोलणारा चकित झाला आहे, रागावला आहे की विचारीत आहे, हे मुलांनी ओळखावे.

(४) नकारार्थी प्रश्न विचारून वस्तुस्थितीप्रमाणे पुरे उत्तर घ्यावे.

(५) प्रत्येक लहान संवादानंतर तीन प्रश्न विचारावेत : कोण बोलले? कोणाशी बोलले? त्याला काय हवे होते? या प्रश्नांची उत्तरे मराठीत आली, तरी ती पूर्ण ग्राह्य धरावीत. आपण येथे आकलन तपासीत आहोत, इंग्रजी लेखन नव्हे.

आकाशवाणीवरील इंग्रजी बातम्या ऐकविणे चांगले. परंतु बातम्या हे वाचन असते, संभाषण नव्हे. त्यापेक्षा दोघा शिक्षकांनी आपसांतील दोन मिनिटांचे साधे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून वर्गात ऐकवावे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत अशा संवादांची देवाणघेवाण झाल्यास मुलांच्या कानी वेगवेगळे आवाज पडतील. त्यासाठी शिक्षकांनी विलायती उच्चारांची नक्कल करण्याचे कारण नाही. आपल्या देशातील बहुसंख्य लोक इंग्रजी बोलताना अक्षरे स्पष्टच उच्चारतात व मुलांनीही तसेच बोलावे. जिभेला नवे वळण लागले नाही तरी चालेल. कान मात्र सर्व वळणांना सरावलेला असावा.

शेवटी एक गोष्ट आवर्जून सांगावयाची, ती अशी की, चांगला श्रोता सर्व काही एकदम समजणारा नसतो. न समजलेले निःसंकोच विचारणारा असतो. 'पार्डन?', 'प्लीज से इट अगेन', 'डू यू मीन धिस?' ही तीन वाक्ये प्रत्येक मुलाच्या ओठांवर असावीत. वर्गात ती उच्चारणाऱ्या मुलास शिक्षकाने 'लक्ष कोठे होते?' म्हणून न दटावता वाक्य पुन्हा सांगावे. ज्या वर्गात पुन्हा विचारण्याची लाज वाटत नाही, त्या वर्गातील मूल पुढे परक्या शहरात, कार्यालयात वा रुग्णालयात उभे राहिले, तरी न समजताच मान हलवून मोकळे होणार नाही.