चार आकड्यांची नोंदवही

माझ्या कपाटात जाड पुठ्ठ्याची एक नोंदवही आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीची. तिच्या प्रत्येक पानावर तारीख, लाइनीचा क्रमांक आणि त्यापुढे चार रकाने आहेत : ट्रान्स, डीसी, आयआर, टीओ. अक्षर बहुतेक ठिकाणी माझे आहे. त्या काळी मी मुंबईतल्या एका कंपनीच्या संगणक-कक्षात पाळीवर काम करत असे. आयबीएम १९७८मध्ये भारतातून निघून गेली, पण तिची यंत्रे इथेच राहिली आणि ती पुढे बरीच वर्षे चालली. आमचेही त्यांपैकीच एक. त्याला जोडलेल्या लाइनी पुण्याच्या बाजूच्या कारखान्यांपर्यंत जात. त्या लाइनी किती चालल्या, किती अडखळल्या, याचा हिशेब रोज या वहीत उतरवायचा, हे माझे काम.

या चार आकड्यांचा अर्थ काय, ते कुठून येत आणि त्यांच्यावर किती विसंबावे, हे मी नोकरीत असताना नीट समजून घेतले नाही. ते निवृत्तीनंतर, जुनी तांत्रिक पुस्तके पुन्हा उघडल्यावर कळले. तोवर या आकड्यांवरून एका माणसाचे बरेवाईट होऊन गेले होते. म्हणून हा लेख.

आयबीएमने आपली 'सिस्टिम ३६०' ही यंत्रमालिका ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर केली. मोठ्या यंत्राला दूरच्या गावची टंकयंत्रे आणि पत्रवाचक टेलिफोनच्या तारेने जोडायचे, तर मध्ये एक दुभाषी लागतो. २७०१, २७०२ आणि २७०३ अशा क्रमांकांच्या पेट्या हे काम करत. २७०३ला मंदगती अशा तब्बल १७६ लाइनी जोडता येत. पेटी तारेवरचे बिट गोळा करून त्यांची अक्षरे करी. त्या अक्षरांचे काय करायचे हे यंत्रातली प्रणाली ठरवी. त्यातली सर्वांत साधी प्रणाली म्हणजे 'बेसिक टेलिकम्युनिकेशन्स ॲक्सेस मेथड', म्हणजेच बीटॅम. नावातला 'बेसिक' अगदी खरा. बीटॅम फारसे लाड करत नसे. कार्यक्रम लिहिणाऱ्याला बहुतेक सगळे स्वतःच पाहावे लागे.

१९६७मध्ये आयबीएमने तारेवरच्या बोलण्याची एक शिस्त आणली. तिचे नाव 'बायनरी सिंक्रोनस कम्युनिकेशन्स'. आमच्या तोंडी 'बायसिंक'. ही शिस्त समजली की चारही आकडे समजतात, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू.

बायसिंकमध्ये एका वेळी एकच बाजू बोलते. ज्याला पाठवायचे आहे तो आधी विचारतो, 'घेतोस का?' या प्रश्नाचे अक्षर ईएनक्यू. पलीकडून होकार आला की मजकुराचा एक ठोकळा जातो. ठोकळ्याच्या शेवटी सोळा बिटांची एक बाकी जोडलेली असते. शाळेत गुणाकार बरोबर आहे का हे पाहायला आपण नवाचा ताळा घेत असू, तसाच हा ताळा. सगळा मजकूर ही एक प्रचंड संख्या मानायची, एका ठरलेल्या भाजकाने तिला विशिष्ट रीतीने भागायचे आणि उरलेली बाकी सोबत पाठवायची. घेणारा तोच भागाकार स्वतः करतो. बाकी जुळली तर पावती. नाही जुळली तर 'नॅक', म्हणजे पुन्हा पाठव. सलग सोळा बिटांपर्यंत कुठेही खरखर झाली तरी हा ताळा ती हमखास पकडतो. नवाच्या ताळ्याला ते साधत नाही. दोन अंकांची अदलाबदल झाली तर तो बिचारा फसतो.

पावतीचीही एक गंमत आहे. पावत्या दोन प्रकारच्या, शून्याची आणि एकाची, आणि त्या आलटून पालटून द्यायच्या. समजा, माझा ठोकळा पोचला पण पावती वाटेत हरवली. मी गोंधळलो की ठोकळाच पोचला नाही. तो पुन्हा पाठवला तर पलीकडे तेच पगारपत्रक दोनदा छापले जाईल. त्याऐवजी मी ईएनक्यू पाठवून विचारतो, 'शेवटचे काय म्हणालास?' उत्तरात शून्याची पावती येते की एकाची, यावरून हरवला तो ठोकळा की पावती, हे कळते. एका बिटात एवढे शहाणपण मी क्वचितच पाहिले आहे.

आणि उत्तरच आले नाही तर? मग तीन सेकंद वाट पाहायची. २४०० बिटांच्या लाइनीवर सेकंदाला ३०० अक्षरे जातात, म्हणजे तीन सेकंदांत ९००. ऐंशी रकान्यांची अकरा पत्रे जाऊन वर थोडा वेळ उरेल. एवढा वेळ पलीकडे शांतता असेल तर यंत्र तिला 'टाइम-आउट' म्हणते.

आता वहीतले रकाने वाचता येतील. ट्रान्स म्हणजे लाइनीवर एकूण किती वेळा देवाणघेवाण झाली. डीसी, डेटा चेक, म्हणजे मजकूर आला पण ताळा जुळला नाही. आयआर, इंटरव्हेन्शन रिक्वायर्ड, म्हणजे माणसाने उठून बघावे अशी स्थिती, मोडेम तयारच नाही वगैरे. टीओ म्हणजे उत्तर न येता तीन सेकंद गेले. त्यातही मजकूर चालू असताना पडलेला खंड यात धरत नसत. प्रश्नाला उत्तरच आले नाही, अशी शांतता तेवढी मोजत.

हे मोजायचे कशासाठी? चूक झाली तर यंत्र पुन्हा पाठवतेच की. पण खरी अडचण तिथेच आहे. निस्तरलेली चूक कुणाला दिसत नाही. कार्यक्रमाला मजकूर बिनचूक मिळतो, छापील कागद स्वच्छ येतो, फक्त काम जरा रेंगाळते. लाइन महिनाभर हळूहळू कुजत असते आणि एके दिवशी ती पुरती बसते तेव्हा सगळे म्हणतात, 'काल तर चांगली चालत होती!' ती कालही चांगली चालत नव्हती, हे ज्याला ठाऊक असते तो फक्त मोजणारा.

बीटॅममध्ये या मोजणीसाठी 'लर्ब' नावाचा एक मॅक्रो होता. तो लिहिला की प्रत्येक लाइनीसाठी स्मृतीत मोजणीचे दोन संच राखले जात, एक चालू आणि एक साठवणीचा. चालू संचाला मर्यादा नेमून द्यायच्या. उदाहरणार्थ, १०० देवाणघेवाणींच्या आत ५ टाइम-आउट झाले तर सांग. तसे झाले की कन्सोलवर लगेच एक ओळ छापून येई : अमुक लाइन, थ्रेशोल्ड, आणि पुढे चार आकडे. तसे न होता शंभर पुऱ्या झाल्या तर चालू आकडे मुकाट्याने साठवणीत मिळवले जात आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू. साठवणीतली बेरीज हवी असेल तर दुसरा मॅक्रो वापरायचा. तो 'लाइन टोटल्स' अशी ओळ छापी आणि सांगितले तर बेरीज पुसूनही टाकी. आमचा कार्यक्रम रोज दिवसाअखेर ते छापून पुसत असे. मी ती ओळ वहीत उतरवत असे.

मर्यादा किती ठेवायची हा तंत्राचा प्रश्न कमी आणि स्वभावाचा जास्त. ती फार खाली ठेवली तर कन्सोल दिवसभर कुरकुरतो आणि चार दिवसांत त्याच्याकडे कुणी बघेनासे होते. फार वर ठेवली तर तो बोलतच नाही.

कायमच्या, न निस्तरलेल्या चुकांसाठी चकतीवर 'लॉगरेक' नावाची वेगळी जागा होती. तिथल्या नोंदी 'इरेप' नावाच्या कार्यक्रमाने छापून काढायच्या आणि जागा मोकळी करायची. ती वेळेवर केली नाही तर जागा भरे, यंत्र तसे कन्सोलवर सांगे आणि नोंद घेणे थांबवी. म्हणजे एखादे उपकरण सर्वांत वाईट अवस्थेत असेल, चुकांचा पाऊस पडत असेल, नेमके तेव्हा दप्तर बंद! आमच्याकडे असे दोनदा झाले. दोष आमचाच, वेळेवर साफसफाई केली नव्हती.

आता त्या माणसाविषयी. पुण्याकडच्या एका कारखान्यात लाइनीच्या टोकाला एक गृहस्थ बसत. आम्ही त्यांना भाऊ म्हणत असू. त्यांच्या लाइनीचा टीओ एका पावसाळ्यात वाढू लागला. डीसी मात्र जवळजवळ शून्य. लाइन पुरवणाऱ्यांचे म्हणणे पडले, 'लाइन खराब असती तर मजकूर बिघडला असता. तो बिघडत नाही, म्हणजे लाइन ठीक आहे. तुमचा माणूसच संध्याकाळी टर्मिनल बंद करून लवकर घरी जातो.' यंत्राची देखभाल करणारेही तेच म्हणाले. त्यांना दोष आपल्या अंगावर नकोच होता. साहेबांनी माझी वही मागवली. वहीत रोजची बेरीज होती आणि ती त्या म्हणण्याला पोषकच दिसत होती. भाऊंची बदली गोदामात झाली. त्यांनी फोनवर मला एवढेच विचारले होते, 'तुमच्या वहीत वेळ लिहिलेली नाही का हो?' नव्हती.

ही त्रुटी आकड्याची नव्हती, मी ज्या रीतीने तो वाचला तिची होती. डेटा चेक हा पुरावा आहे. काहीतरी आले आणि ते बिघडलेले होते. टाइम-आउट म्हणजे पुराव्याचा अभाव. पलीकडचे यंत्र बंद असेल, माणूस उठून गेला असेल, वीज गेली असेल, तार तुटली असेल, किंवा उत्तर निघाले आणि वाटेत विरून गेले असेल. या सगळ्यांचा आकडा एकच. तार पूर्ण तुटली तर डीसी वाढणारच नाही, कारण बिघडायला काही येतच नाही. 'डीसी शून्य, म्हणून लाइन ठीक' हा तर्क आम्ही सर्वांनी मान्य केला तो इतका फसवा होता. या शांततांमध्ये फरक करायचा तर एकच साधन उरते, वेळ. आणि वेळ कन्सोलच्या कागदावर प्रत्येक ओळीपुढे छापलेली असे. तो कागद आम्ही महिन्याच्या शेवटी रद्दीत घालत असू.

निवृत्तीनंतर मला जुन्या यंत्रांचा नाद लागला. रॉजर बाउलर यांनी १९९९मध्ये 'हर्क्युलिस' नावाचा एक कार्यक्रम लोकांपुढे ठेवला. तो साध्या संगणकावर सिस्टिम ३७० उभी करतो. त्यावर त्या काळची एमव्हीएस ३.८ ही कार्यप्रणाली हौशी लोक आजही चालवतात, आणि तीत बीटॅम जसाच्या तसा आहे. २७०३ पेटीही हर्क्युलिसमध्ये आहे, फक्त तिच्या लाइनी टेलिफोनच्या तारेऐवजी इंटरनेटच्या जोडणीवरून जातात. मी तशी लाइन जोडली, जुन्या सवयीने लर्ब लिहिला आणि बेरीज छापली. डीसी शून्य, आयआर शून्य, टीओ शून्य. दुसऱ्या दिवशीही तेच. खालची जोडणी सगळी खरखर वर येण्याआधीच निस्तरते, त्यामुळे बीटॅमला मोजायला काही उरतच नाही. इतकी निरोगी लाइन मी आयुष्यात पाहिली नव्हती. मला तर करमेना.

मग मी दोन टोकांच्या मध्ये बसणारा एक खोडकर कार्यक्रम लिहिला. तो मधूनच एखादी पावती गिळून टाकी. टीओचा आकडा हलू लागला. नंतर मी पलीकडचे टोकच दोन मिनिटे बंद केले. टीओ पुन्हा वाढला. दोन्ही वेळच्या छापील ओळी शेजारी ठेवल्या तर कोणती कशाची हे मलाही सांगता येईना, आणि दोन्ही उद्योग मीच केलेले!

तेव्हा मी ती वही पुन्हा काढली. त्या काळी वह्यांना कव्हर घालायला आम्ही कन्सोलचाच जुना कागद वापरत असू. कव्हर फाटत आले होते म्हणून ते उलगडले. आतल्या बाजूला त्याच पावसाळ्यातला कन्सोलचा एक तुकडा होता. त्यावर भाऊंच्या लाइनीची थ्रेशोल्डची ओळ होती, टीओ वाढल्याची, संध्याकाळी पावणेसहाची. तिच्या लगेच खाली, त्याच मिनिटाला, दुसऱ्या लाइनीची तशीच ओळ. ही दुसरी लाइन त्याच वसाहतीतल्या वेगळ्या इमारतीत जात होती. तिथे वेगळा माणूस बसे. थोड्या अंतराने, वेगळ्या तारखेखाली, पुन्हा हीच जोडी. दोन इमारतींतली दोन यंत्रे एकाच मिनिटाला मुकी होतात ती एका माणसाने बटन दाबल्यामुळे नव्हे. वीज गेली असेल किंवा दोघींची मिळून जाणारी केबल भिजली असेल. या दोन्हींतले नेमके काय, ते त्या कागदावरून ठरत नाही. भाऊ मात्र त्यात नाहीत.

त्यांचा फोन नंबर शोधायला महिना गेला. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत आणि कानाने कमी ऐकतात. मी सगळे दोनदा सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. फोन कटला की काय म्हणून मी 'हॅलो, हॅलो' केले. मग म्हणाले, "वेळ किती छापलीय म्हणालात?" मी सांगितली. "हां," ते म्हणाले, "त्या सुमारास दिवे जायचेच. मी मेणबत्ती लावून बसायचो." आणि त्या कागदाची झेरॉक्स पाठवायला सांगितली. जुन्या शाईची झेरॉक्स नीट येईना, म्हणून मी कव्हरच पाकिटात घालून पाठवले.