काटा दोनवर अडकला होता

वाकडच्या भूमकर चौकातल्या गर्दीत गाडी निमूट चालायची. हायवेला लागून बावधनच्या पुढे चांदणी चौकाचा चढ आला की मात्र तिचा दम जायचा. ॲक्सिलरेटर दाबत राहावं, पण पिकअपच नाही. सकाळी सेल्फही तीन-तीनदा मारावा लागे. एका गॅरेजवाल्याने नुसतं ऐकूनच निकाल दिला होता: पेट्रोलचा पंप गेला, बदला.

मग मी वाकडमध्येच दुसऱ्या मिस्त्रींकडे गेले आणि अर्धा दिवस त्यांच्या शेजारी उभी राहिले. त्यांनी आधी स्कॅनर लावला. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर पेट्रोल कमी पडतंय म्हणत होता, आणि इंजिनाचा कॉम्प्युटर इंजेक्टर नेहमीपेक्षा जास्त वेळ उघडे ठेवून ती तूट भरत होता. गर्दीत हे निभतं, कारण तिथे पेट्रोल लागतंच थोडं. चढावर ही भरपाई पुरत नाही.

मग पेट्रोलचा दाब मोजायचं गेज. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, तेव्हा नळीतला दाब उतरला. बॅटरीची निगेटिव्ह सोडवून, फडकं धरून नळी काढली, मधे टी-जॉइंट घातला. वाळूची बादली हाताशी होती. सगळं परत जोडून रिलेच्या जागी वायरचा तुकडा लावताच मागच्या सीटखालून पंपाची घरघर ऐकू आली. काटा 2.1 बारवर अडकला. या गाडीला हवेत 3.5. टायरमध्ये आपण 33 पीएसआय हवा भरतो, तीही सव्वादोन बार होते! दाब असा 40 टक्के उतरला, तर इंजेक्टरमधून येणारं पेट्रोल साधारण 22 टक्क्यांनी घटतं, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो.

इथेच बहुतेक जण पंप बदलतात. मिस्त्रींनी मागची सीट उचलली, पंपाचा कनेक्टर काढला आणि त्यात मल्टीमीटरच्या पिना घातल्या. 12.4 व्होल्ट. मला वाटलं, वायरिंग ठीक आहे, म्हणजे दोष पंपाचाच.

"ताई, हे खोटं रीडिंग आहे," ते म्हणाले. "पंप करंट ओढतच नाहीये आत्ता."

त्यांनी कनेक्टर परत बसवला, पिना मागच्या बाजूने वायरींना टेकवल्या आणि पंप चालू केला. 9.8. करंट वाहू लागला तसे अडीच व्होल्ट वाटेतच गळत होते. कुठे, ते त्यांनी एकेक बाजू धरून मोजलं. पॉझिटिव्हच्या वाटेवर 0.3, अर्थिंगच्या वाटेवर 2.3. पंपाची मोटर व्होल्टेजवर फिरते. ते कमी मिळालं की ती हळू फिरते आणि दाब पडतो.

मग त्यांनी जाड वायरचं एक टोक पंपाच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं. पोऱ्या बॉनेटपाशी उभा होता, तो ओरडला, "चढला! साडेतीन!" पंप चांगला, फिल्टर मोकळा. मला त्या क्षणी खरोखर आनंद झाला. हजारो रुपयांचा पंप वाचला, हे तर होतंच. पण इतका वेळ अंदाजाने बोललं जाणारं दुखणं डोळ्यांसमोर सापडलं होतं.

कार्पेट उचललं तर खालून ओलं. अर्थिंगचा बोल्ट गंजून तांबूस झालेला, वायरीच्या टोकाच्या थिंबलवर हिरवट थर. मिस्त्रींनी पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायर चांगल्या तांब्यापर्यंत कापून नवं थिंबल दाबून बसवलं, बोल्ट आवळला, वर ग्रीस लावलं. अर्थिंगच्या वाटेतली गळती 0.1 व्होल्टवर आली. पंप बंद केल्यावर दहा मिनिटं काटा जागचा हलला नाही, म्हणजे इंजेक्टरही गळत नव्हते.

टी-जॉइंट काढून नळी पूर्ववत जोडल्यावर त्यांनी इंजिन चालू करून प्रत्येक जोडावरून कोरडं बोट फिरवलं. मग मागच्या दाराची रबरी बीडिंग ओढून दाखवली. एका कोपऱ्यात ती फाटली होती.

"हिच्यातून पाणी येतंय. ही बदलून घ्या ताई, नाहीतर पुढच्या पावसात पुन्हा यावं लागेल."